दोन बोटांची फट

"मिस्त्री, या दारापासून त्या दारापर्यंत चालत जा बरं," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. "नेहमी चालता तसं."

भिंगरी मिस्त्रींना चाला म्हणून सांगावं लागत नसे, थांबा म्हणून सांगावं लागे. बत्तीस वर्षांत बांधकामावर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवणसुद्धा उभ्यानं, एका हातात डबा आणि नजर कालच्या भिंतीवर. खरं नाव हजेरीपुस्तकात राहिलं होतं, लोकांच्या तोंडी भिंगरीच उरली होती.

ते चालले. खोलीच्या मधोमध काँक्रीटचा ठोकळा होता, फरशीच्याच पातळीत, दोन पलंग शेजारी मांडावेत एवढा. त्यावर वाटीएवढं एक यंत्र ठेवलं होतं आणि त्याची तार बाईंच्या लॅपटॉपपर्यंत गेली होती. मिस्त्री फरशीवरून गेले, ठोकळ्याला पाय लागू दिला नाही. तरी परत येऊन बघतात तो पडद्यावरची रेषा करवतीसारखी दातेरी झालेली. त्यांनी जातानाचे दात मोजले. अकरा. पावलंही अकराच टाकली होती.

"हा मी?"

"तुम्हीच. डावा पाय जरा आपटता."

या ठोकळ्यावर जो सूक्ष्मदर्शक यायचा होता, तो अणूंच्या रांगा दाखवणारा होता. एवढं बारीक बघायचं म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी दार लावलं तरी चित्र पुसट व्हायचं. म्हणून ठोकळा इमारतीपासून तोडलेला होता. तो थेट खालच्या जमिनीवर उभा होता, आणि तो व फरशी यांच्यामध्ये चारही बाजूंनी दोन बोटांची फट होती, वरून रबराच्या पट्टीनं झाकलेली. पावलांचा हादरा फरशीतून यावा आणि त्या फटीपाशी संपावा, एवढीच सगळी युक्ती. पण हादरा संपत नव्हता.

"फट सगळीकडे मोकळी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! मिस्त्रींनी स्वतः साफ करून वर पट्टी बसवलीय," साइटचे साहेब म्हणाले. "काय मिस्त्री?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

हो म्हणून झालं, आणि मग त्यांना खिडकीकडचा कोपरा आठवला.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. पट्टी बसवायच्या आधी ते फट तपासत होते. त्या कोपऱ्यात फरशीची कड फुटली होती, फटीतला मऊ फोम फाटला होता. दिसायला वाईट दिसत होतं. मिस्त्री कुणाशी तरी फोनवर बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांच्या हातानं थापी उचलली, सिमेंटचा माल घेतला, हातभर लांबी ठासून भरली आणि वरून अशी घोटली की बघत राहावं. डोक्याला कळलंच नाही. फट दिसली की बुजवायची, हे हाताचं काम होतं.

"मग ठोकळाच पोकळ असणार," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "माल ओतताना आत हवा राहिली असेल. उद्या सकाळी ड्रिलवाला बोलावतो. चार भोकं आरपार घ्यायची. पोकळ निघाला तर फोडायचा, दुसरं काय."

पोकळ! अकरा तास न थांबता ओतलेला ठोकळा होता तो. काँक्रीट दाबून बसावं म्हणून त्यात व्हायब्रेटर फिरवताना मिस्त्री स्वतःच म्हणाले होते, "हलवून घ्या रे एकदा, पुन्हा हलायचा नाही तो." सगळे हसले होते. असं काम हातून एकदाच होतं. आणि पुढच्या इमारतीत असे तीन ठोकळे होणार होते, त्यांच्यावर मुख्य मिस्त्री म्हणून साहेबांनी यांचंच नाव वर कळवलं होतं.

बोललं तर नाव जाणार. न बोललं तर ठोकळा.

त्या दिवशी ते चार वाजताच घरी आले. बायको खिडकीपाशी मशीनवर शिवत होती. ते आत गेले, बाहेर आले, नळ घट्ट करून आले, पुन्हा आत गेले.

"अहो, बसा की जरा. माझं माप चुकतंय तुमच्याकडे बघून."

मशीनशेजारी टेबलावर पाण्याचा पेला होता. मशीन चाललं की पाण्यावर गोल वळ्या उठत. मिस्त्रींनी पेला उचलून स्टुलावर ठेवला. तरी वळ्या उठल्याच, जरा बारीक.

"काय चाललंय? तहान लागलीय की पाण्याशी भांडण आहे?"

"फरशीतून येतंय बघ," ते म्हणाले. "टेबल वेगळं, स्टूल वेगळं, पण फरशी एकच."

बायकोनं पाय थांबवला. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस पाण्याकडे इतका वेळ बघत कधी उभा राहिला नव्हता. मग मिस्त्रींनी सगळं सांगितलं, येरझाऱ्या घालतच.

ऐकून ती दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाली, "सैल ठेवायचं तिथे शिवून टाकलंत, एवढंच ना?"

"एवढंच कसं?"

"माझ्याकडून काय होत नाही? काखेत सैल सोडायचं राहिलं की गिऱ्हाइकाचा हात वर जात नाही. मग उसवते. रोज काही ना काही उसवते मी."

"तुझं गिऱ्हाईक चार भिंतींच्या आत बोलतं. माझं बत्तीस वर्षांचं नाव आहे."

"मग पाडू द्या भोकं." तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. "ठोकळा काय सांगायला येतोय, मी भरीव आहे म्हणून."

सकाळी आठला मिस्त्री खोलीत हजर होते. बाई आधीच येऊन तारा सोडवत होत्या. थोड्या वेळानं साहेब आले, मागून ड्रिलवाला, खांद्यावर लांब नळी घेऊन.

"साहेब, भोकं नकोत," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले. रबराची पट्टी उचलली. खाली फट नव्हतीच. करडा, गुळगुळीत, नखसुद्धा अडणार नाही असा गिलावा होता.

बाई वाकल्या. "अरे! हा तर पूल आहे. पावलं इथूनच जातायत पलीकडे."

"कुणी भरलं हे?" साहेबांचा आवाज चढला.

"मी."

"तुम्ही? बत्तीस वर्षं काम करताय ना?"

"बत्तीस वर्षं फटी बुजवल्या, साहेब. उघडी ठेवा असं पहिल्यांदाच सांगितलं कुणी."

"आणि काल? काल विचारलं तेव्हा काय झालं होतं?"

"काल हो म्हणून बसलो." मिस्त्री किंचित हसले. "उभ्या जन्मात एकदाच बसलो, तेही असं."

साहेबांना हसू आलं नाही. "पुढच्या कामाचं मला वर परत कळवावं लागेल."

"कळवा."

ड्रिलवाल्यानं मशीन पुढे केलं तसे मिस्त्री एकदम म्हणाले, "ते नको. कड उडेल ठोकळ्याची." त्यांनी पिशवीतून बारकी छिन्नी काढली, फरशीवर आडवे झाले आणि टिचभर टिचभर माल काढायला लागले. आपलाच माल, त्यामुळे तो किती चिवट आहे हे त्यांना ठाऊक होतं. खडा खाली पडला तर पुन्हा पूल होणार, म्हणून प्रत्येक तुकडा वाकवलेल्या तारेनं ओढून वर घ्यायचा, उरलेली भुकटी पंपानं खेचायची. साडेतीन तास भिंगरी मिस्त्री एका जागी पडून होते. ड्रिलवाला गेला नाही, कुणी थांबवलं नव्हतं तरी हाताची घडी घालून बघत राहिला.

शेवटी बॅटरीचा उजेड फटीत तळापर्यंत गेला. मिस्त्रींनी नवा फोम घातला, पट्टी बसवली आणि उठताना भिंतीचा आधार घेतला.

"अहवालात काय लिहू?" बाईंनी हळूच विचारलं. "फटीत माल पडलेला होता, असं लिहिते. कामात पडतोच कुठेतरी."

"पडला नव्हता, बाई. भरला होता. भरला असं लिहा."

बाईंनी तसं लिहिलं. मग वाटीएवढं यंत्र ठोकळ्यावर ठेवलं, पडद्यावर रेषा सुरू केली आणि म्हणाल्या, "चाला, मिस्त्री."

ते या दारापासून त्या दारापर्यंत गेले आणि परत आले. रेषेला बारीकशी थरथर होती.

"ही?"

"ही जमिनीची. ती असायचीच."

"आणि मी?"

"तुम्ही नाही यात."

मिस्त्रींनी पडद्याजवळ तोंड नेऊन दात शोधले. मग वळले आणि ठोकळ्याभोवती चालायला लागले, आधी नेहमीसारखे, मग झपझप, मग प्रत्येक खेपेला डावा पाय मुद्दाम आपटत. साहेब दारात थांबून बघत होते. बाईंची नजर पडद्यावर होती. खोलीभर पावलं वाजत होती, आणि रेषा आपली सरळ चालली होती.