सोपवलेली मतं

“आई, तू काहीच करू नकोस. नुसती बस. चार वाजले की प्रस्ताव आपोआप पडेल,” लेक फोनवर म्हणाली.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तिची आई काचेची कड घासत होती. तीस वर्षं ती हेच काम करत आली होती. फोरमवरही सगळे तिला ‘भिंगवाली’ म्हणत. दुपारचं ऊन टेबलावरच्या काचांतून भिंतीवर उतरलं होतं, आणि मशीनमधल्या पाण्याची धार इतकी एकसुरी वाजत होती की जागेपणीच झापड यावी.

हा फोरम एका बचत-कर्जाच्या प्रकल्पाचा. तिथे ना बँक, ना मॅनेजर, ना खुर्चीला चिकटलेला अध्यक्ष. हजारो अनोळखी लोकांनी इंटरनेटवर पैसे एकत्र ठेवलेले, आणि नियम बदलायचा तर ज्याची जितकी टोकनं, म्हणजे प्रकल्पाची डिजिटल नाणी, तितकी त्याची मतं. नवऱ्याने त्यात उडी घेतली तेव्हा तिने आठवडाभर अबोला धरला होता. शेवटी त्यानेच तोडगा काढला. आपली सगळी मतं तिच्याकडे सोपवून टाकली.

“मला वाचायचा कंटाळा,” तो म्हणाला. “तू औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाहीस. तूच ठरव.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातल्या एकाही लिफ्टवर त्याचा भरवसा नव्हता, बायकोवर मात्र डोळे झाकून. टोकनांचं वॉलेट उघडायचे परवलीचे बारा शब्द त्याने कुठेच लिहिले नाहीत. डोक्यात आहेत म्हणाला, आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी डोक्यातच घेऊन गेला. टोकनं कायमची अडकली. सोपवलेली मतं तेवढी तिच्याकडे राहिली.

मतदानाच्या पानावर दोन ओळी दिसत. वरची तिची, खालची त्याची. दर प्रस्तावाला ती काच घासता घासता त्याच्याशी हुज्जत घालायची, आणि तो हमखास उलट बोलायचा. असा त्यांचा संसार अजून चालू होता.

आजचा प्रस्ताव असा होता: तीन वर्षं ज्या वॉलेटांत काहीच व्यवहार झालेला नाही, त्यांची मतं रद्द करावीत, मग ती कुणाकडे सोपवलेली का असेनात. परवलीचे शब्द हरवलेल्यांची आणि मेलेल्यांची मतं एकूण संख्येत धरली जात, त्यामुळे कोरम, म्हणजे मंजुरीला लागणारी किमान मतसंख्या, भरत नसे. प्रकल्पातली एक धोक्याची त्रुटी बुजवायचं काम त्यापायी दोनदा बारगळलं होतं. आताही नऊशे मतं कमी पडत होती. तिची स्वतःची चाळीस. त्याची हजाराच्या वर.

“बाबांना बाबांच्याच मतांनी घालवणार तू?” लेकीचा आवाज चिरकला.

“प्रस्ताव बरोबर आहे गं.”

“असू दे की! तुला कोण विचारतंय?”

“विचारतात ना. फोरमवर माझं वाचून दोनशे माणसं मत देतात. बरोबर आहे असं मीच लिहिलंय.”

लेकीने फोन ठेवला. इकडे आईने मशीन बंद केलं. भिंतीवरचे उजेडाचे गोल हळूहळू सरकत होते, आणि तो त्यांच्यात उभा आहे असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. बाहीला ग्रीस, खिशात पाना.

“बोल ना,” ती म्हणाली. “एरवी तर तोंड बंद नसतं.”

तो हसला फक्त. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने वाद घातला नाही. तिला त्याचा असा राग आला, की डोळे भरून आले.

चाराला दहा कमी असताना तिने दोन्ही ओळींपुढे ‘होय’ दाबलं.

चार वाजता प्रस्ताव मंजूर झाला आणि नियम लागलीच लागू झाला. पानावर एकच ओळ उरली. तिने पान पुन्हा उघडून पाहिलं, तरी एकच.

फोरमवर अभिनंदनांची रीघ लागली. एका नव्या सभासदाने विचारलं, “शेवटच्या क्षणी हजार मतं देऊन स्वतःची मतं गमावणारा हा भला माणूस कोण? त्यांचे आभार मानायचे आहेत.”

तिने चष्मा पुसला, आणि सावकाश एकेक अक्षर लिहिलं, “माझा नवरा. सांगते त्याला.”