डेव्हिएशनवर पास

माझं रणजीतवर प्रेम आहे, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली नाही आणि आबा ओरडले नाहीत. आबांनी चष्मा लावला, माझ्या पुतणीच्या, स्वरूपाच्या, वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि पट्टी मागितली.

दुसऱ्या एखाद्या घरात मला बाबाकडे नेलं असतं, अंगारा लावला असता, दंडाला ताईत बांधला असता. आमच्या दापोडीच्या घरात तसलं काही चालत नाही. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. त्यात आबांची एकतीस वर्षं आधी भोसरीत आणि मग चाकणला कंपनीच्या क्वालिटी विभागात गेलेली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

क्वालिटीत एक पद्धत असते, तिला व्हाय-व्हाय म्हणतात. पार्ट बिघडला की ‘का?’ असं विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तरालाही ‘का?’ विचारायचं. असं पाच वेळा केलं की मूळ कारण सापडतं, असा कंपनीचा समज आहे. आबा रिटायर झाले तरी हा समज रिटायर झालेला नाही. मागच्या वर्षी कुकरची शिट्टी होईना, तर त्यांनी पाच ‘का’ विचारले आणि शेवटी आईच्या धांदरटपणापाशी येऊन थांबले.

मी मागितलं होतं ते फार नव्हतं. रणजीत आणि मी पुनावळ्यात भाड्यानं फ्लॅट घेतला होता. येत्या रविवारी आई-आबांनी जेवायला यावं, एवढंच. पण आई आबांशिवाय निघोज्याला स्वतःच्या माहेरीसुद्धा जात नाही. आबा आले तरच आई येणार. त्यामुळे माझा रविवार त्या कागदावर येऊन अडकला.

“प्रॉब्लेम काय लिहू?” आबांनी विचारलं.

“प्रॉब्लेम नाहीच आहे, आबा.”

आबांनी लिहिलं, ‘थोरला मुलगा लग्न करत नाही.’ मग पेन माझ्याकडे रोखलं. “तू बारावीला बायॉलॉजी शिकवतोस. उत्क्रांती शिकवतोस. मग सांग. ज्याला पोरं होत नाहीत त्याचा वंश तिथंच संपतो. बरोबर? मग तुमच्यासारखे लोक हजारो वर्षांपूर्वीच संपायला पाहिजे होते. का नाही संपले?”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अकरा वर्षं शिकवतोय, पण इतका चांगला प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, सर, हे परीक्षेला आहे का? मी मांडी ठोकून बसलो आणि शिकवायला लागलो. तिथंच माझं चुकलं.

“काही शास्त्रज्ञ म्हणतात,” मी म्हणालो, “की जो गुण मुलाला असा करतो, तोच त्याच्या आईकडच्या बायकांना जास्त लेकरं देतो. इकडे कमी झालं ते तिकडे भरून निघतं, म्हणून तो गुण टिकतो. पण हा अंदाज आहे हं.”

आबांचं पेन थांबलं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या आईकडे पाहिलं. “कस्तुराच्या आईला नऊ. तिची बहीण अंबूबाई, तिला सात.” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे सप्लायरकडून आलंय!”

क्वालिटीतले निम्मे कागद शेवटी सप्लायरच्याच गळ्यात पडतात. आबांनी ‘कच्चा माल, निघोजे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आई भाकरी थापता थापता बाहेर आली. “मला बघाया आलता तवा तुमच्या आईनं काय इचारलं व्हतं? पोरीच्या आईला लेकरं किती? नऊ म्हणल्यावर लगीच व्हय म्हणल्या. आन आता तक्रार करताय व्हय?”

“ते इन्स्पेक्शन आईनं केलं होतं, मी नाही,” आबा पुटपुटले.

मी घाईनं दुसरी थिअरी काढली. एका आईला जितके मुलगे आधी झालेले, तितकी पुढच्या मुलाच्या बाबतीत ही शक्यता थोडी वाढते, असं आढळलंय. पण मी तर थोरला, तेव्हा माझ्यापुरती ही बाद.

“आणि सुजित?” आबा म्हणाले.

धाकटा सुजित सोफ्यावर मॅच बघत होता. तो ताडकन उठला. “आबा, काय राव! मला दोन पोरं आहेत!”

“मी फक्त विचारलं. एका मशीनवर काही सापडलं की शेजारचं मशीन तपासायचं असतं.”

उरली तिसरी थिअरी. स्वतःला मूलबाळ नसलेला माणूस भावंडांच्या लेकरांना वाढवायला हातभार लावतो, त्यामुळे ती लेकरं जगतात आणि घराण्याचा वारसा त्यांच्यातून पुढे जातो. मी लगेच सांगितलं की पॅसिफिकमधल्या एका बेटावर याला थोडा आधार मिळालाय, बाकी ठिकाणी फारसा नाही. पण आबांना पुढचं ऐकूच गेलं नाही. स्वरूपाच्या शाळेच्या रांगेत पहाटे पाचला कोण उभं होतं? मी. तिच्या धाकट्या भावाला डेंगी झाला तेव्हा दवाखान्यात कोण बसलं? मी. आबा भराभर लिहीत होते. शेवटी त्यांनी कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डेव्हिएशनवर पास’, आणि सही ठोकली.

पार्ट ड्रॉइंगप्रमाणे उतरला नाही, पण वापरता येतो, तर भंगारात कशाला टाका? मग साहेबाच्या सहीनं तो तसाच घेतात. त्याला डेव्हिएशन म्हणतात. आबांनी ही सही नोकरीत फार क्वचित केली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुझा उपयोग आहे, बाळा,” ते म्हणाले. “सुजितच्या पोरांना तू आहेस. मी रविवारी येतो.”

मी जिंकलो होतो. तोंड मिटून गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण मला वाईट वाटलं. चौतीस वर्षं ज्या घरात वाढलो, तिथं मला रांगेत उभा राहतो म्हणून ठेवून घेतलं होतं.

“आबा, सुजितला कधी उपयोग विचारला होता?”

आबांनी चष्मा काढून पुसला.

“आणि डेव्हिएशनला मुदत असते ना?”

“असते,” आबा म्हणाले. माणूस प्रामाणिक. “ठरावीक मालापुरतंच असतं ते.”

“मग पोरं मोठी झाल्यावर माझं काय? मी तुम्हाला जेवायला बोलावलंय, आबा. त्यासाठी माझा उपयोग कशाला काढताय? मी असा का आहे, मला माहीत नाही. शास्त्रालाही अजून नीट माहीत नाही. तसंच लिहा.”

“‘माहीत नाही’ लिहिलेल्या कागदावर मी जन्मात सही केली नाही.” त्यांनी आपली सही खोडली. “मूळ कारण सापडेपर्यंत मी येणार नाही.”

हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हातानं घालवला. सुजितनं माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

त्या आठवड्यात आबांचे तीन फोन आले. सोमवारी म्हणाले, “जनावरांत असतं का रे?” मी म्हटलं, मेंढ्यांत असतं, पक्ष्यांतही असतं. बुधवारी म्हणाले, “मेंढ्याला तर पुतणेही सांभाळायचे नसतात, मग ते कसं?” शुक्रवारी मीच विचारलं, “आबा, परवा येताय ना?” ते म्हणाले, “अजून चौथ्या ‘का’वर आहे.”

रविवारी रणजीत सकाळपासून चिकनच्या रश्शाशी झटत होता. पेंट शॉपमध्ये गाड्यांना रंग देणारा माणूस, पण मीठ बरोबर आहे का हे त्यानं मला चारदा विचारलं. त्यानं चार ताटं मांडली. एक वाजला, दोन वाजले. मी म्हटलं, दोन ताटं उचल. त्यानं उचलली नाहीत.

पावणेतीनला बेल वाजली. दारात आई उभी होती, एकटी. घामानं चिंब झालेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी.

“आबा?” मी विचारलं.

“बसल्यात कागद घिऊन. कारण घावलं की येतो म्हणल्यात.”

“तू एकटी आलीस?”

“डांगे चौकात बस बदलली. दोनदा चुकले. एका पोरीनं हिथवर आणून सोडलं.”

रणजीत पुढे झाला आणि अवघडून म्हणाला, “जय भीम, आई.” आईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्याच्या हातात पिशवी दिली. “जय भीम. लई वाळलाय रं तू. भाकरी हायत त्यात, काढ.”

मला आनंद झाला होता, तरी आबांचा राग जिभेवरून जाईना. “आई, तुला नको का मूळ कारण? की तुलाही शोधून देऊ?”

“मी काय करू कारणाचं?” आई ताटावर बसत म्हणाली. “मला पत्ता पाह्यजे व्हता. तो सुजितनं लिहून दिला.” आणि रणजीतकडे वळून म्हणाली, “वाढ बाबा. सकाळपासनं पोटात काय न्हाई.”