चाळीस दिवसांची कमान

वेशीच्या आतली वाडवडिलांची हवेली सरकारनं संरक्षित ठरवली, अन् हारुनच्या डोक्यात किडा वळवळला. पाडायला परवानगी न्हाई, पण आपोआप पडली तर? मंग जागा मोकळी! तिथं त्याला शटरवाली दुकानं काढायची होती. थोरला भाऊ अजमत मात्र चुन्याचा गवंडी, बापाच्या हाताखाली शिकलेला. बायको खैरुनबीसंगं तो हवेलीतच राहायचा आणि घर सोडायचं नाव काढलं की पिसाळायचा. दारावरची कमान त्यानं दगड न् दगड उतरवून नव्यानं चढवली होती. त्याला आज नववा दिवस.

भर दुपारी हारुन घण घेऊन आला.

"भाई, बाजूला हो."

"माझ्या मढ्यावरून जा!"

झालं! हारुननं दांडाच हाणला. अजमतची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. तो तरी कुठला ऐकतोय? त्यानं थापी उचलून भावाच्या तोंडावर अशी ठेवली की दात भुईवर पडला. खैरुनबी मधी पडली, तर हारुननं तिला भिंतीवर आदळलं. मंग घण अजमतच्या उजव्या हातावर बसला. चुना नुसता चोळून ओळखणारी ती बोटं चिरडली. अजमत गुरासारखा ओरडला.

हारुन कमानीखाली गेला. घण फिरवायला लाकडी टेकूंची अडचण. तो बापाच्या हाताखाली कधी गेलाच न्हाई, सिमेंटच्या स्लॅबा टाकायचा. त्याचे टेकू आठवड्यात निघायचे. चुन्याला चाळीस दिवस लागतात, तोवर आत नुसतं लोणी. "टेकूला हात लावू नका," हे अजमत येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचा. दारात आलेल्या शेळीलासुद्धा!

हारुननं पहिल्या टेकूला लाथ घातली.

अजमतनं तोंड उघडलं. मंग आपल्या बोटांकडं बघितलं अन् मिटलं. हाण, म्हणाला मनात. हाण लेका.

दुसरा टेकू निसटला. वर दगड कुरकुरला, हारुननं दचकून वर बघितलं, आणि अजमतच्या तोंडून निघालंच,

"हारुन, पळ!"

दगड आधी आले.

अजमत एका हातानं ढिगारा उपसत राह्यला. धुरळ्यात हारुनचे पाय दिसले, चपलांसकट. हलत नव्हते.

"आधी का न्हाई सांगितलं त्याला?" खैरुनबीनं हंबरडा फोडला. "शेळीला सांगता की तुम्ही!"