भानुमतीच्या कागदांच्या टोपल्या

भानुमती गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा विधवा होऊन आमच्या तुकोगंजातल्या घरी आली, ह्यांची चुलत वहिनी म्हणून. वरची खोली दिली आम्ही. तिथं बसून तिनं गिरणीतल्या बायकांसाठी साप्ताहिक काढलं, आणि आमचंच मीठ खाऊन त्यात छापलं, की तुकोगंजात एका घरी मोलकरणीची कपबशी संडासाच्या कोनाड्यात ठेवतात. नाव नव्हतं. पण बायका मला बघून पदराआड हसायच्या. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मध्यप्रदेश होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा ती गेली. मागं पेटीभर कागद. वरच्याच कागदाला चिठ्ठी टाचलेली: 'गंगूबाईचा कागद. जपावा.'

गंगूबाई बडा गणपतीकडच्या वस्तीतली, गिरणीत कामाला. तिथं आग लागली तेव्हा तिची लेक मंगला आत जळून मेली, कारण दाराला बाहेरून कुलूप होतं. मालक म्हणे, दार उघडंच होतं. कुलूप लावणाऱ्या चौकीदाराचा जबाब भानुमतीनं लिहून घेतलेला, खाली जांभळ्या शाईचा अंगठा. पुढं चौकीदारही मेला. राहिला तेवढा कागद.

चौथ्या दिवशीच गंगूबाई दारात. "बाईजी, तो कागद देऊन टाका. संक्रांतीनंतर कोर्टाची तारीख आहे."

"सुतकात पेटीला हात लावत नाहीत गं. तारखेच्या आदल्या दिवशी ये, काढून ठेवते."

बिचारी हात जोडून गेली.

सुतक फिटलं आणि मी पेटी घंगाळात रिकामी केली. आमच्याकडे रद्दी भिजवून, त्यात मेथी वाटून घालून लगद्याच्या टोपल्या करतात. मी काही अडाणी नाही. चिठ्ठी वाचली, मग भिजवली. लगदा स्वतः कांडला. हात भरून आले, पण जिवाला बरं वाटलं.

ती आली तेव्हा एक टोपली तिच्या हातात दिली. "हा घे तुझा कागद. पोळ्या छान राहतील यात."

तिनं रडून घर डोक्यावर घ्यावं, असं मला वाटत होतं. ती टोपली नुसती फिरवत राहिली. काठाशी जांभळा डाग होता. त्यावर बोट ठेवलं आणि निघून गेली.

तीच टोपली घेऊन कोर्टात उभी राहिली म्हणे. वकील हसले, जज्जसाहेबही हसले. मालक सुटला.

रथसप्तमीला माझं हळदीकुंकू होतं. चुलत वहिनीचं वर्ष कोण पाळतंय? पंधरा बायका बसलेल्या, वाण म्हणून पंधरा टोपल्या मांडलेल्या. गंगूबाई सरळ आत आली. तिची टोपली माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाईजी, माझ्या मंगलाचं एवढंच उरलं होतं. तुमच्या हातचं आहे, तुम्हीच ठेवा."

मग तिनं सगळं सांगितलं, कागद कुठला, अंगठा कुणाचा. आवाजसुद्धा चढवला नाही.

बायका एकेक करून उठल्या. वाण कुणीच नेलं नाही.

सोळाही टोपल्या अजून घरात आहेत. मेथी चांगली पडली होती, कीडसुद्धा लागत नाही.