कर्नलचा पाला

डेस्मंडने मातीत बोट खुपसून पाहिलं. ओल होती. मागच्या बेडरूमच्या खिडकीत मशरूमचे रिकामे निळे खोके ओळीने मांडलेले होते. त्यांत लेट्यूस, चिकोरी आणि रस्त्याच्या कडेहून मुळासकट खणून आणलेली डँडेलियनची रानटी रोपं. शेवटच्या खोक्यात ओल्या कापसावर हळीव. बाहेर हेक्सम गावच्या छपरांवर दव गोठलेलं होतं आणि काचेला हात लावला तर बोटं बधिर होत होती. आत मात्र दिव्याच्या उबेत पाला तरारून आला होता.

तेच त्याला खटकलं. पाला फार वाढला होता. हळीव एकमेकांच्या अंगावर कलंडले होते, चिकोरीची पानं खोक्याच्या काठावरून लोंबत होती. कात्री लागल्याची खूण कुठेच नव्हती.

पेरणं आणि पाणी घालणं त्याचं काम, कापून भरवणं त्याच्या बायकोचं, बेरिलचं. ती सात वर्षांची असताना वडिलांनी जत्रेतून आणून दिलेल्या या कर्नल नावाच्या कासवाला आजवर दुसऱ्या कुणी भरवलं नव्हतं, डेस्मंडनेही नाही. कर्नलने एकदा अंडं घातलं, तेव्हा कर्नल ही बाई आहे हे सगळ्यांना कळलं. पण बेरिल म्हणाली, एका अंड्यापायी इतक्या वर्षांची पदवी कशाला काढून घ्यायची? त्यानंतरही तो ‘तो’च राहिला.

डेस्मंडने वाकून कोपऱ्यातल्या लाकडी पेटीत पाहिलं. कर्नलची बशी कोरडी, स्वच्छ होती. कर्नल स्वतः दिव्याखाली डोळे मिटून बसला होता.

एरवी थंडीच्या या दिवसांत कर्नल गॅरेजमध्ये, कागदाच्या कपट्यांनी भरलेल्या खोक्यात गाढ झोपलेला असे. मार्चपर्यंत त्याला खाणं नाही, पिणं नाही. पण ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी बेरिलला सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल. छाती उघडावी लागेल, पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि वसंताची वाट पाहण्यात अर्थ नाही. परतताना गाडीत ती शेजारच्या नॉर्मनच्या कुत्र्याबद्दल बोलत राहिली. त्याच आठवड्यात डेस्मंड कर्नलचं खोकं काढायला निघाला, तेव्हा ती म्हणाली,

“या वर्षी नको झोपवायला त्याला.”

का, हे त्याने विचारलं नाही. झोपलेलं कासव कधीकधी उठत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. इस्पितळाला तिने अजून होकार का दिला नव्हता, तेही त्याने विचारलं नाही. जागं कासव हिवाळाभर खाणार, म्हणून त्याने खोके जमवले, दिवा आणला, बिया आणल्या. निदान तेवढं तरी त्याला जमण्यासारखं होतं.

जिन्यावर तिची पावलं वाजली आणि वळणावर थांबली. तिथे तिच्या आईने काढलेलं बंदराचं चित्र टांगलेलं होतं. दम लागला की बेरिल ते चित्र सरळ करायची. ते कधीच वाकडं नसे. पावलं पुन्हा सुरू होईपर्यंत डेस्मंड हातातली झारी तशीच धरून उभा राहिला.

न्याहारीच्या वेळी त्याने धीर करून विचारलं, कर्नल नीट खातो आहे ना? बेरिलने टोस्टवरचं लोणी अगदी कडेपर्यंत पसरवलं आणि मान वर न करता ती म्हणाली, तू पाणी घातलंस ना, मग तुझं काम झालं.

म्हणजे तो खात नाही, आणि ही लपवते आहे. त्याने वाचनालयात जाऊन कासवांची पुस्तकं काढली. खाणं सुटणं, डोळे मिटून राहणं. मूत्रपिंड, तोंडातली जखम, फुप्फुसं. एकातून दुसरं निघत गेलं आणि त्याने घाबरून पुस्तक मिटलं. घरी येताना कुंपणापाशी नॉर्मन भेटला, तेव्हा न राहवून त्याला सांगितलं. नॉर्मन म्हणाला, इथे मला लेट्यूस परवडत नाही आणि तुझं कासव सलाडला नाही म्हणतंय! काळजी सोड, ते आपल्या दोघांना पोचवून मग जाईल.

डेस्मंड हसला आणि घराकडे वळला. आता कर्नल गेला, तर बेरिल कुणाला भूल देऊ देणार नाही. आणि भूल घेतली नाही, तर पुढे काय, ते डॉक्टरांनी त्यालाही बाजूला घेऊन सांगितलं होतं.

शनिवारी नॉर्मनची बायको बेरिलला गाडीतून बाजाराला घेऊन गेली. गाडी वळल्याची खात्री करून डेस्मंड वर आला. बेरिलची कात्री हातात घेताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. डँडेलियनची मूठभर पानं कापून तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने एक पान कर्नलच्या तोंडासमोर धरलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक डोळा उघडला. सुरकुतलेली मान लांब आली आणि कर्नलने पान फाडलं. दुसरं पान तर त्याने डेस्मंडच्या बोटांतून हिसकावूनच घेतलं. तिसरं, चौथं. डेस्मंड उठून आणखी कापून आणत राहिला. तो इतका गुंतला होता, की जिन्यावरची पावलं त्याला ऐकूच आली नाहीत.

“काय करतोयस तू?”

बेरिल दारात उभी होती. अंगावर कोट तसाच.

“खातोय,” तो म्हणाला. “बेरिल, तो खातोय. मला वाटलं होतं...”

“खाणारच. मी उपाशी ठेवलंय त्याला.” ती पलंगाच्या कडेला बसली. दम ओसरेपर्यंत थांबली. “आता पुन्हा पहिल्यापासून. पोट रिकामं झाल्याशिवाय झोपवता येत नाही, एवढंही माहीत नाही तुला? आत अन्न राहिलं तर सडतं.”

डेस्मंडच्या हातात एक पान उरलं होतं. ते कुठे ठेवावं त्याला कळेना.

“पण तूच म्हणाली होतीस, या वर्षी नको.”

“म्हणाले होते.” ती हातमोज्याचं एकेक बोट ओढून मोकळं करत होती. “माणसांचंही तसंच असतं. भूल द्यायची तर आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही. फोनवरच्या बाईने सांगितलं.”

कुठली बाई, हे त्याला विचारावं लागलं नाही.

“कधी?” त्याने विचारलं.

“फेब्रुवारीत. आधी त्याला झोपवू. मग मी.” तिने खिडकीकडे पाहिलं. “केवढं रान माजवून ठेवलंयस. काय करायचं याचं?”

“सँडविच करू. हळीव आणि अंडं.”

“महिनाभर?”

“नॉर्मनला देऊ. त्याला लेट्यूस परवडत नाही.”

ती हसली, पण हसणं लगेच धापेत बुडालं. ती शांत होईपर्यंत तो कर्नलच्या पाठीकडे बघत राहिला.

“उठवायचं कसं ते ऐकून ठेव,” ती म्हणाली. “आधी कोमट पाण्यात बसवायचा, हनुवटीच्या खालपर्यंतच. नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. खायला नंतर. आजच्यासारखं घाईने कोंबायचं नाही.”

“तू असशीलच की तेव्हा.”

“असेन. तरी ऐकून ठेव.”

“कोमट पाणी,” तो म्हणाला. “हनुवटीच्या खालपर्यंत.”

बेरिलने मान हलवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि चहा ठेवते म्हणून बाहेर पडली. पावलं जिना उतरू लागली. वळणावर थांबली.

डेस्मंडने हातातलं पान खिशात घातलं. क्षणभर तो नेहमीसारखाच उभा राहिला. मग दार ओलांडून जिना उतरला.

तिने चौकटीचा कोपरा दोन्ही हातांनी धरला होता. कपाळ जवळजवळ काचेला टेकलं होतं. चित्र अगदी सरळ होतं.

“तुझ्या बाजूने जरा खाली आहे,” तो म्हणाला.

तिने आधी दोन श्वास घेतले.

“हो का?” ती शेवटी म्हणाली. “मग धर तू तिकडून.”

त्याने दुसरा कोपरा धरला.