राख न उडवता

फुंकणीतून हळू फुंकलं की निखारा लाल होतो, पण राख उडत नाही. पळसदरीच्या गौराबाईला हे लहानपणापासून ठाऊक होतं. छातीच्या धडधडीशी त्याचं नातं मात्र कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी जोडलं. "काळीज ठणठणीत आहे. भीतीचा झटका आला की फुंकणीत हळू फुंकता तसाच लांब श्वास सोडा, तो ओसरतो."

वर्षापूर्वी पहिला झटका भर बाजारात आला, तेव्हापासून भाजी विकायला तिची जाऊच जायची. आज चुलीपाशी पुन्हा धडधड सुरू झाली. गौराबाईने दहा वेळा सावकाश फुंकलं. राख हलली नाही, आणि धडधडही निवली.

"चूल कवाच पेटली गं, आता काय घर पेटवतेस?" नवरा हसला.

"हसा तुमी. उद्या बाजाराला मीच जानार. एकटी."