एसच्या अलीकडे की पलीकडे

चष्म्याच्या दुकानाची पाटी नव्यानं रंगवायला काढली होती. 'सिस्टर्स'ची इंग्रजी अक्षरं संपवून पेंटरनं शिडीवरूनच विचारलं, "ताई, ही वरची शेपटी कुठं काढू? जुन्या पाटीवर शेवटच्या एसच्या पलीकडे होती."

"अलीकडे काढा," ताई म्हणाली. अपॉस्ट्रॉफी एसच्या पलीकडे म्हणजे दोघी बहिणींचं दुकान, अलीकडे म्हणजे एकीचंच. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ती अडखळली. "नाही, थांबा. अक्षरं वाळू देत. मग सांगते."

काचा कापताना दोघींची वाटणी ठरलेली होती. उजवी ताईची, डावी धाकटीची. नवं मशीन घ्यायचं की नाही यावरून परवा वाजलं, आणि गिऱ्हाइकासमोर ताईच्या तोंडून निघून गेलं, "दुकान माझं आहे." धाकटीनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. तेव्हापासून तो तिथंच होता, आणि घरातलं बोलणं 'मीठ दे', 'दार लाव' एवढ्यावर आलं होतं.

बाकावर वाट बघत बसलेल्या शिंपीमामांचा चष्मा ताईनं हातात घेतला. उजवी काच बसली. डावी काही केल्या बसेना. उलटी धरली तर चपखल बसली, पण मग फुगीर बाजू डोळ्याकडे येत होती. ताईच्या लक्षात आलं. डाव्या काचेसाठी कापायचा साचा पालटावा लागतो, आणि ते आजवर धाकटीच करत आली होती. ताईनं दोन्ही उजव्याच कापल्या होत्या.

"काय गं, मला दोन उजवे डोळे आहेत होय?" बाकावरून मामा म्हणाले.

ताई हसली नाही. तिनं धाकटीला फोन लावला.

"डावी काच बिघडवली मी."

"मग? दुकान तुझंच आहे ना?"

"चुकलं माझं. गिऱ्हाइकासमोर बोलले, गिऱ्हाइकासमोरच सांगते. दुकान दोघींचं आहे. शिंपीमामा इथंच बसलेत."

"ऐकलं हो मी!" मामा ओरडले.

धाकटीनं विचारलं, "आणि मशीन?"

"ये आधी. समोरासमोर भांडू."

धाकटी आली. खुंटीवरचा एप्रन घेतला, वाया गेलेली काच उजेडाकडे धरली. "शाबास! एवढी वर्षं शेजारी बसून हेच शिकलीस?"

"ताई, वाळला रंग!" बाहेरून पेंटरची हाक आली.

ताईनं मान वर न करता सांगितलं, "हिला विचारा."

धाकटी दारापर्यंत गेली, पाटीकडे बघत उभी राहिली.

"पलीकडे काढा," ती म्हणाली. "आणि जरा ठसठशीत."